टेबलाखालचा डबा

प्रिय काका,

मी अकरावीत आहे आणि आमच्या रोबोटिक्स टीमची कॅप्टन आहे. गेल्या महिन्यात एफटीसीच्या (फर्स्ट टेक चॅलेंज, शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) एका स्पर्धेत शेजारच्या पिटमधली, म्हणजे शेजारच्या टीमच्या दुरुस्तीच्या टेबलाजवळची, एक मुलगी धावत आली. त्यांच्या पंज्याच्या सर्वोचे, म्हणजे पंजा हलवणाऱ्या छोट्या मोटरचे, दात गेले होते आणि मॅच वीस मिनिटांवर होती. 'एखादा स्पेअर सर्वो आहे का?' आमच्याकडे तीन होते, टेबलाखालच्या डब्यात. मी तोंड उघडायच्या आत आमच्यातला एक मुलगा म्हणाला, 'नाही गं, संपले.' मी गप्प राहिले. ती मॅच ते पंजाशिवाय खेळले आणि हरले. दुपारी आमचाच सर्वो बदलायची वेळ आली, डबा टेबलावर काढला आणि नेमकी ती समोरून गेली. तिनं डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

आम्ही सेमीफायनलपर्यंत पोचलो. तीन आठवड्यांनी पुढची स्पर्धा आहे, तीही टीम येणार आहे. आमच्या मीटिंगमध्ये तो मुलगा म्हणाला, नियमच करू, आपण स्पर्धेतून बाहेर पडेपर्यंत कुणाला काही द्यायचं नाही. ते सर्वो मागवून त्यानं महिनाभर वाट पाहिली होती. दोघींचं म्हणणं, सगळ्यांना सगळं द्यायचं, स्पर्धेचं तत्त्वच ते आहे. सर म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही सांगा, पार्ट द्यावेत की नाही?

— एक कॅप्टन, नाशिक

*

प्रिय कॅप्टन,

तुझ्या पत्रात 'सर्वो' हा शब्द चार वेळा आलाय. 'खोटं' हा एकदाही नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

डब्यात तीन सर्वो असताना तुम्ही 'आज देता येणार नाही' म्हणाला असतात, तर मी तुमची बाजू घेतली असती. थोडं नाक मुरडून, पण घेतली असती. पार्ट तुमचे, पैसे तुमच्या आईवडिलांचे, आणि सकाळी अकरा वाजता कुणालाच ठाऊक नसतं की दुपारी तीनला आपलं काय तुटणार आहे. 'आहेत, पण आमच्या रोबोटवर तसेच चार चालतात, म्हणून राखून ठेवलेत' असं ऐकून ती मुलगी चिडली असती, पुढच्या पिटकडे पळाली असती आणि संध्याकाळपर्यंत विसरलीही असती. आता ती विसरणार नाही. पुढच्या वेळी तुमचा डबा खरोखर रिकामा असला तरी ती आधी टेबलाखाली बघेल.

एवढं बोलून झाल्यावर त्या मुलाचं ऐकू, कारण त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या टीमला हाच सर्वो ऑर्डर केल्यावर दोन-चार दिवसांत दारात मिळतो. आपल्याकडे तो समुद्र ओलांडून येतो, कस्टम्सला मुक्काम करतो, वर ड्यूटी लागते, आणि ट्रॅकिंगचं पान रोज उघडलं तरी तेच एक वाक्य दिसतं. ज्यानं ते पान महिनाभर रोज उघडलंय त्याला 'देऊन टाक ना एक' म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्यांनी उघडलेलं नाही त्यांना. तुमच्या टीममधल्या त्या दोघींनी ऑर्डरचं काम कधी केलंय का, हे मला विचारावंसं वाटतं. नसेल तर पुढची ऑर्डर त्यांच्याकडे द्या.

पण त्याचा युक्तिवाद उलटूनही बघ. महिना जसा तुम्हाला लागतो तसा तिलाही लागतो. त्या सभागृहात त्या वीस मिनिटांत सर्वोचं दुकान म्हणजे बाकीच्या टीमची टेबलं, दुसरं दुकान नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक टीम त्याच दोन-तीन कंपन्यांचा माल वापरतात, त्यामुळे शेजारच्याच्या सर्वोचा २५ दातांचा शाफ्ट आपल्या हॉर्नमध्ये (शाफ्टवर बसणाऱ्या पट्टीत) बसण्याची शक्यता बरीच असते. म्हणजे देणं निदान शक्य तरी आहे.

मी स्वतः चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली बरीचशी भोसरीत भाड्याच्या एका शेडमध्ये. तिथं शेजाऱ्याकडून वस्तू आणणं रोजचं. जॉबमध्ये टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटला की पोरगं धावलं शेजारी, त्यांचं वायरकटचं काम अडलं की त्यांचं पोरगं आमच्याकडे. एकदा मी एका शेजाऱ्याला माझा चांगला मायक्रोमीटर दिला. संध्याकाळी परत आला, पुसून, डबीत घालून, 'थँक्यू शेठ' सहित. दोन दिवसांनी एक अख्खी बॅच रिजेक्ट झाली तेव्हा कळलं की मायक्रोमीटरचं शून्य आता शून्यावर नाही. तो कुणाच्या तरी हातून पडला होता आणि सांगायची हिंमत कुणाला झाली नव्हती. महिनाभर मी कुणाला साधा स्पॅनरही दिला नाही. मग एक दिवस माझाच एम-सहाचा टॅप तुटला, दुकानं बंद, सकाळी डिलिव्हरी. गेलो त्याच शेजाऱ्याकडे. त्यानं दिला, तोंड वेडंवाकडं न करता.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली ती शेड बंद करेपर्यंत. काही वस्तू देऊन टाकायच्या आणि विसरायच्या. काही उसन्या द्यायच्या, नाव टाकून. आणि काही शेडबाहेर जाऊच द्यायच्या नाहीत, पण ज्याला लागतील त्यानं आमच्या टेबलावर यावं, चहा प्यावा, माप घ्यावं, जावं. मायक्रोमीटर त्या तिसऱ्यात गेला. गंमत म्हणजे त्यामुळे माणसं जास्त यायला लागली.

निवृत्त झाल्यावर मी अशा स्पर्धांत इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसतो, मुलांचे रोबोट १८ इंचांच्या चौकटीत बसतात का ते बघतो. तिथं तुमचे पिट पाहिले की मला तीच शेड आठवते. झिप टाय, नटबोल्ट, लॉकटाइटचे दोन थेंब, इन्सुलेशन टेप: हे मागणाऱ्याला दे आणि विसर. याचा हिशोब ठेवणारी टीम मी पाहिली आहे, तिच्या वहीत 'तीन झिप टाय, येणे' अशी नोंद होती. ती पोरं पुढे बहुतेक बँकेत लागतील.

सर्वो, मोटर, केबल, बॅटरी यांचं काम वेगळं. बॅटरी देताना मल्टिमीटर लावून दे. पूर्ण चार्ज झालेली १३ व्होल्टच्या वर दाखवते. अर्धी उतरलेली दिलीस तर दोन मिनिटांनी त्यांचा रोबोट मैदानाच्या मध्यात मान टाकेल आणि उपकारापेक्षा शिव्याच जास्त पडतील. बॅटरीच्या वायरमधला २० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे ना तेही बघ. सर्वोच्या बाबतीत तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो हातातून सोडूच नकोस, ती म्हणजे तो कोणत्या मोडमध्ये आहे. काही सर्वो प्रोग्रामर नावाचं छोटं उपकरण लावून ठरावीक कोनात फिरणारे किंवा सतत गरगरणारे करता येतात. गरगरणारा सर्वो पंज्याला लावला तर तो पंजा मिटत मिटत स्वतःलाच मोडून घेतो. मी हे घडताना पाहिलंय. देणारी पोरं बिचारी चांगल्या मनाची होती, फक्त सांगायला विसरली.

कंट्रोल हब, म्हणजे रोबोटचा मेंदू, मात्र तुझा मायक्रोमीटर आहे. त्यात तुमचा कोड, तुमचं कॉन्फिगरेशन, आणि त्याच्या वायफायच्या नावात तुमच्या टीमचा नंबर. दुसऱ्या टीमनं तो लावायचा तर नाव बदलायचं, कोड चढवायचा, कोणती मोटर कोणत्या पोर्टला हे सगळं नव्यानं भरायचं. घाईत यातलं काहीतरी राहतंच, आणि परत आला की तुमच्या नशिबी तेच सगळं उलट्या क्रमानं. आजचा दिवस संपला असेल तर खुशाल दे. मध्येच मागितला तर 'देत नाही, पण तुमचा घेऊन या, आमचा कोडवाला बघेल' म्हण. बऱ्याचदा हब मेलेला नसतोच, कनेक्टर ढिला असतो. सोल्डरिंगची बंदूकही बाहेर पाठवू नकोस, आपल्या टेबलावर वापरू दे. तिचं टोक कसं परत येतं ते तुला माहीत असेलच.

आता तुमच्या मीटिंगमधल्या 'तत्त्वा'कडे येतो. ते तत्त्व भिंतीवरच्या पोस्टरवरून आलेलं नाही, हे मुलांना कुणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक होते, २०१९ मध्ये गेले. १९७० च्या दशकात त्यांनी तिथला डिझाइनचा एक कोर्स हाती घेतला. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ सामानाची एक पेटी मिळायची, त्यातून यंत्र करायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर एकमेकांशी लढवायचं. त्या वर्गात पोरं जिंकायला जिवाच्या आकांतानं धडपडायची आणि त्याच रात्री एकमेकांची यंत्रं दुरुस्त करत बसायची. पुढे डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली, फ्लॉवर्स सुरुवातीपासून त्यांच्या सोबत होते, आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ टीमची पहिली स्पर्धा झाली. 'ग्रेशस प्रोफेशनलिझम' हा शब्द फ्लॉवर्स यांनी रुजवला. त्यात दोन शब्द आहेत. तुमच्या त्या दोघींना पहिला ऐकू येतो, त्या मुलाला दुसरा.

त्यांनी नुसती भाषणंही दिली नाहीत, खेळच तसा बेतला. तुमच्या एफटीसीत मॅच दोन विरुद्ध दोन असते, अडीच मिनिटांची, आणि पात्रता फेरीत जोडीदार कोण हे संगणक ठरवतो. सकाळी ज्याच्या विरुद्ध खेळलात तो दुपारी तुमच्या बाजूला. फर्स्टच्याच मोठ्या रोबोटांच्या एफआरसी स्पर्धेत २०१२ साली तर मैदानाच्या मधोमध एक पूल ठेवला होता. दोन्ही विरोधी बाजूंचा एकेक रोबोट त्यावर चढून एकत्र तोल साधला तर दोघांनाही क्रमवारीसाठी जादा गुण. समोरच्याचा रोबोट बंद पडला की तुमचाही पूल गेला. व्हेक्स या दुसऱ्या रोबोट स्पर्धेत आजही बरोबरी सोडवायला जे गुण धरतात त्यांतले काही हरलेल्या बाजूच्या स्कोअरवरून येतात. लंगड्या प्रतिस्पर्ध्याला चिरडून ते गुण फारसे पदरात पडत नाहीत.

आपल्याकडे याला सावड म्हणायचे. माझ्या आजोळी ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्याच्या एका बैलाशी जोडी लावायचा, आज तुझं रान, उद्या माझं. कुणी त्याला तत्त्व म्हटलं नाही, कारण एका बैलानं नांगर चालत नाही. फक्त एक लक्षात ठेव, सावडीत हिशोब असतो. स्पर्धेतही मी अशा टीम पाहिल्यात ज्या कुणी पार्ट मागितला की आधी वेळापत्रकाचा कागद काढतात, ही टीम पुढे आपल्या बाजूला आहे की विरुद्ध ते बघतात आणि मग डबा उघडतात. खेळ समजलेली पोरं आहेत ती. मला आवडत नाहीत.

तुमची 'आपण बाहेर पडेपर्यंत काही नाही' ही सूचना म्हणजे गल्ली क्रिकेटमधला तो मुलगा, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आउट झाला की बॅट घेऊन घरी. शिवाय तुम्ही बाहेर पडाल तेव्हा बाकीच्याही बऱ्याच टीम बाहेर पडलेल्या असतील. तुमचा डबा तेव्हा उघडून कुणाच्या कामाचा?

तू विचारलं नाहीस, पण विचारशील: सेमीफायनलमध्ये समोरच्यांनीच बॅटरी मागितली तर? दे. मी अंतिम फेरीला इन्स्पेक्शनवरून बघत बसलेला असतो तेव्हा सर्वांत वाईट मॅच कोणती, तर जिच्यात एक रोबोट सुरुवातीलाच मरतो. जिंकलेली पोरं उड्या मारतात, पण जरा उशिरा आणि जरा कमी. मात्र इथंही शेवटची बॅटरी असेल तर नाही म्हण, मोठ्यानं, तिच्या डोळ्यांत बघून.

आणि देण्यालाही एक टोक असतं. २०१५ च्या हंगामात एफआरसीतल्या काही बलाढ्य टीम आधीच एखादी अख्खी यंत्रणा तयार करून आणायच्या आणि ऐनवेळी आपल्या कमकुवत जोडीदाराच्या रोबोटवर चढवायच्या. पोरांनी त्याला नाव ठेवलं 'चीजकेक'. जोडीदार खूश, बाजू जिंकते, आणि ज्या मुलांनी तो रोबोट बनवला ती मैदानात दुसऱ्याच्या यंत्राची हमाली करतात. यावर भांडणं झाली, आणि पुढे नियमावलीत लिहिलं गेलं की रोबोट आणि त्याच्या मुख्य यंत्रणा त्याच टीमनं बनवलेल्या असाव्यात. मदत चालते, रोबोट आंदण देणं चालत नाही. उद्या एखाद्या टीमला तुमचा पंजा आवडला तर ड्रॉइंग दे, फाइल दे, चुकलेले तीन नमुने दाखव. पंजा काढून देऊ नकोस. (स्पर्धा बदलली की नियमही बदलतात, हे पण बघ. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडमध्ये स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्या टीमला लॅपटॉप किंवा प्रोग्राम देता येत नाही. चांगल्या मनानं केलेली मदत तिथं दोन्ही टीमना भोवते.)

मागणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर त्या मुलावर अन्याय होईल. काही टीम दर स्पर्धेला डबा न आणताच येतात, कारण कुणीतरी देतंच. पहिल्यांदा पाहिलं तर समजून घे, नवीन असतील, लहान गावातून आले असतील, कोणता पार्ट आधी मोडतो हे ठाऊक नसेल. दुसऱ्यांदाही दे. तिसऱ्यांदा सर्वोबरोबर अर्धा तास दे: बसून त्यांना यादी करून दे, काय दोन घ्यायचं, काय इथंच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतं आणि काय बाहेरून मागवावं लागतं. एवढं करूनही चौथ्यांदा रिकाम्या हातांनी आले तर तुमच्या त्या मुलाला पुढे कर. त्याला 'नाही' म्हणता येतं, ते कौशल्य टीमला लागतं. फक्त कारण खरं सांगायला शिकव.

आता ती मुलगी.

स्पर्धेच्या दिवसाची वाट बघू नकोस. त्या दिवशी ती घाईत असेल, तू घाईत असशील, आजूबाजूला परीक्षक फिरत असतील आणि तुझी माफी पुरस्कारासाठीची वाटेल. त्यांच्या टीमचा नंबर तुमच्या कुणाकडे तरी असेलच, या आठवड्यात फोन कर. मेसेज नको, फोन. सांग की त्या दिवशी आमच्याकडे तीन होते आणि आम्ही संपले म्हणालो. 'टीममधला एक मुलगा म्हणाला' असं सांगू नकोस. बोलला तो, पण कॅप्टन तू होतीस आणि तुझ्या तोंडाला कुलूप होतं. ती काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित 'बरं' म्हणून ठेवून देईल. ठेवू दे. लगेच 'पुढच्या वेळी काहीही लागलं तर सांग हं' अशी सारवासारव करू नकोस, त्यानं पहिलं वाक्य पुसलं जातं.

तो मुलगा फोनच्या वेळी तिथं असावा असं मला वाटतं, पण त्याला बोलायला लावू नकोस. महिनाभर वाट बघून आणलेली वस्तू जपताना त्याच्या तोंडून ते निघालं, आणि अर्ध्या सेकंदात निघालं. तुला मात्र पूर्ण वीस मिनिटं होती. डबा घेऊन तिच्या मागे जाता आलं असतं, 'अगं, सापडला एक' म्हणून. तेही खोटंच झालं असतं, पण त्यांचा पंजा चालला असता आणि मी आज तुला इतकं लांबलचक लिहीत बसलो नसतो.

आणि याचं एकही पान पुरस्काराच्या पोर्टफोलिओत घालू नका. आम्ही इतक्या टीमना इतके पार्ट दिले, सोबत हसरे फोटो, अशी पानं मी पाहतो. एका फोटोत तर मदत घेणाऱ्या मुलाचा चेहरा असा होता की बिचाऱ्याला कुणी दंडाला धरून उभं केलंय.

मीटिंगमध्ये 'द्यायचं की नाही' यावर हात वर करायला लावू नकोस. डबा मधोमध ठेव, एकेक वस्तू बाहेर काढा आणि प्रत्येकीपुढे ठरवा, ही देऊन टाकायची, ही उसनी, ही फक्त आपल्या टेबलावर. सर्वोवरून वाद होईल. तो मुलगा एक राखून ठेवायचा म्हणेल, ते मान्य कर. मग मास्किंग टेपचे तुकडे कापा, मार्करनं टीमचा नंबर लिहा, सर्वोवर त्याचा मोडही लिहा. आणि त्या दिवशी डबा टेबलावर ठेवा, झाकण उघडं.

तुझा,
काका